प्रॉम्प्टर म्हणेल तसं

मी विमानात काम करते असं आमच्या भागात सांगितलं की समोरचा आधी विचारतो, म्हणजे चहा देता का? नाही, मी पुढे बसून विमान चालवते, असं म्हटलं की तो लगेच विचारतो, मंग चहा कोण देते? चहाची सोय लागल्याशिवाय विमान उडत असेल यावर चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाचा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकतही नाही.

माझं माहेर कोरपन्याकडचं, कापसाचं आणि सिमेंटच्या धुळीचं. मी पायलट झाले तेव्हा गावाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. अध्यक्षस्थानी एक पुढारी होते. आमच्या लेकीने आकाशाला गवसणी घातली, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या आवाजांत सांगितलं आणि खाली बसल्यावर माझ्याकडे वाकून विचारलं, की एवढं मोठं धूड वळवायचं म्हणजे दंडात ताकद पाहिजे असेल. मी भाबडेपणाने खरं ते सांगितलं, की बहुतेक वेळ यंत्रच वळवतं, आम्ही पाहत बसतो. त्यांचा चेहरा असा पडला की उठून शाल परत मागतात की काय, असं मला वाटलं. नारळ तर त्यांनी थोडा आपल्याकडे ओढलाच.

पण ते खरं आहे. उड्डाण झालं की थोड्याच वेळात आम्ही विमान यंत्राच्या हवाली करतो आणि काचेच्या पडद्यांवरचे आकडे पाहत बसतो. वर ढगात हे बरंच आहे. यंत्राला डुलकी लागत नाही आणि त्याचं घरून भांडण होऊन आलेलं नसतं. भानगड होते ती उतरताना. हल्ली मी उडते कमी आणि शिकवते जास्त. इमारतीतल्या खोट्या कॉकपिटमध्ये खऱ्या पायलटांना बसवायचं आणि त्यांना घाम फोडायचा, हे माझं काम. माझा खास विषय म्हणजे उतरताना झालेले अपघात. विमान धडधाकट, इंजिन धडधाकट, माणसं शिकलेली, आणि तरी ते विमान धावपट्टीच्या अलीकडेच जमिनीला जाऊन मिळतं.

त्यातही स्वच्छ उन्हातल्या अपघातांचा मला फार राग येतो. ढग नाही, धुकं नाही, समोर धावपट्टी सतरंजीसारखी अंथरलेली. कॉकपिटमधले सगळे मात्र खाली मान घालून पडदे वाचतायत. वेग सांभाळणारं यंत्र चालू आहे अशी प्रत्येकाची समजूत असते. ते कुणीतरी चुकून झोपवून ठेवलेलं असतं. वेग कमी होत जातो, विमान खाली खाली बसत जातं. खिडकीबाहेर पाहिलं तर मागच्या सीटवरच्या लेकरालाही कळेल, पण खिडकी हे विमानातलं सगळ्यात स्वस्त उपकरण असल्यामुळे तिच्याकडे कुणी पाहत नाही.

दुसरी तऱ्हा उंची सांगणाऱ्या घड्याळाची. त्याला खालच्या हवेचा दाब आधी सांगावा लागतो. माणसाने चुकीचा सांगितला की ते बिचारं इमानेइतबारे चुकीची उंची दाखवत राहतं. बाहेर झाडं मोठी व्हायला लागतात, तरी माणसं विश्वास ठेवतात घड्याळावर. मग दुसरं एक यंत्र ओरडायला लागतं, वर चढा, वर चढा. तेव्हा नेमकी यांना शंका येते, की हे बिघडलं तर नसेल? आयुष्यात एकदाच यंत्रावर अविश्वास दाखवायचा, तोही ते खरं बोलत असताना.

शेजारच्या को-पायलटला बऱ्याचदा सगळं कळलेलं असतं. पण बाजूला कॅप्टन सर असतात. सरांचे केस पिकलेले असतात, सरांनी त्याच्या वयाइतकी वर्षं विमानं उडवलेली असतात. मग हा हळूच म्हणतो, "सर, आज वारा जरा वेगळा वाटतोय, नाही?" त्याचा मराठी अर्थ, सर, आपण मरतोय, असा असतो. सर म्हणतात, हो, वाटतोय खरा. मी वर्गात टेबलावर हात आपटून सांगते, की दिसलं तर ओरडा. सर म्हणू नका, वारा म्हणू नका, ओरडा. सगळे माना डोलावतात आणि लिहून घेतात.

हे त्यांच्या डोक्यात बसावं म्हणून मी बरीच वर्षं एकच उदाहरण देत आले. माझ्या मामाचं.

मामाचं गाव वडशाकडचं, धानाचं. धान कापून घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. गावोगावची माणसं तिथे येऊन नाटक ठरवून जातात. नाटकाच्या नावात कुंकू, सौभाग्य आणि जल्लाद यांपैकी दोन शब्द असले की गाव खूश असतं. कंपनी आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ नाही, पाठांतराला त्याहून नाही. त्यावर आमच्याकडे तोड एकच, पडद्याआडचा प्रॉम्प्टर. तो हातात नाटकाची वही घेऊन बसतो आणि एकेक वाक्य हळू सांगतो. नटाने ते ऐकायचं आणि दणक्यात म्हणायचं. पुण्याच्या लोकांना हे ऐकून हसू येतं, पण करून पाहा म्हणावं. कानातून आलेलं वाक्य मेंदूला तसदी न देता तोंडातून काढायचं, आणि निघता निघता त्यात रडू भरायचं, ही काही सोपी गोष्ट नाही.

मामा या कलेत मुरलेला. झाडीपट्टीत बापाचं काम करावं तर त्यानेच. फसवलेला बाप, दारुडा बाप, लेकीच्या लग्नात छातीला हात लावून कोसळणारा बाप. तो रडला की पुढच्या रांगेतल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागलेच. नाटकात काय चाललंय याचा मात्र त्याला कधी पत्ता नसे. एकदा मी त्याला विचारलं होतं, की मामा, शेवटी खून केला कोणी? तो म्हणाला, "मी तं दुसऱ्याच अंकात मेलो ना, बाई. मंग मले काय ठाऊक?"

वर्गातले पायलट यावर पोट धरून हसत. मी सांगे, कान चालू, तोंड चालू, मधला माणूस बंद. तुम्हीही असेच उतरता. हे उदाहरण माझं इतकं आवडतं होतं, की खुद्द मामाचे कान गेले तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं ते त्याच्यासाठी, आणि लगेच दुसऱ्यांदा माझ्या लेक्चरसाठी.

कान एकदम नाही गेले. आधी प्रॉम्प्टरला थोडं मोठ्याने सांगावं लागू लागलं. मग आणखी मोठ्याने. शेवटी अशी पाळी आली, की वाक्य आधी प्रॉम्प्टरकडून सगळ्या मांडवाला ऐकू जाई, लोक टाळ्या वाजवत, आणि मग तेच वाक्य मामा म्हणे. कुणीतरी फुकट मिळणारं कानाचं मशीन आणून दिलं, तर त्यातून मामाला जनरेटर, हार्मोनियम आणि पुढच्या रांगेतलं शेंगदाणे खाणं एवढंच स्वच्छ ऐकू येऊ लागलं. कंपनीच्या मालकाने एक दिवस त्याला ऑफिसात बसवून सांगितलं, की भाऊ, या हंगामात पाहतो, नाही जमलं तर पुढच्या वर्षी बाप दुसरा. दुसरा बाप ठरलेलाही होता. तरणा पोरगा होता, पण दाढी चिकटवल्यावर बरा दिसे.

मी मामाच्या घरी गेले तेव्हा तो अंगणात बाजेवर बसला होता. मामीने मला हे सगळं सांगितलं. मामाला मूलबाळ नाही. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि मोठ्याने म्हटलं, की आता वयही झालं, घ्यावा आराम. त्याने माझ्याकडे न पाहता म्हटलं, "मांडवात मी बाप हाव, बाई. थे गेलं तं नुसता म्हातारा."

मला ते लागलं. आणि मनाला काही लागलं की शिकलेला माणूस जे करतो तेच मी केलं, एक यंत्र आणलं. कानात बसणारं, चण्याच्या दाण्याएवढं, बिनतारी बटण. मामाचा फोन त्याच्या कुडत्याच्या आतल्या खिशात. प्रॉम्प्टरने आपल्या फोनवरून मामाला फोन लावायचा आणि पडद्याआडून कुजबुजायचं. स्टेजवर मामाला फोन उचलता येणार नाही, म्हणून आलेला फोन आपोआप उचलला जाईल असं मी करून ठेवलं. विमानातसुद्धा इतकी नीटनेटकी सोय नसते.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची मांडीवरची असो की माझ्यासारखी पिकायला आलेली, मामाने वाकायचं. त्यामुळे भाचीने दिलेली वस्तू म्हणजे प्रसाद, तिच्यावर शंका घ्यायची सोयच नाही. मामा माझ्या पाया पडला, बटण कानात घातलं आणि तयार झाला. चाचणी म्हणून प्रॉम्प्टर गोठ्यात जाऊन बसला आणि तिथून त्याने एक करुण प्रसंग सांगितला. मामा अंगणात उभा राहून इतका रडला, की मामी आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. "देवच येऊन बसला कानात," असं मामा सगळ्या गल्लीला सांगत फिरला. मलाही धन्य वाटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काय, हे कळायला अजून थोडा अवकाश होता.

नाटक होतं मुलचेऱ्याकडच्या एका गावात, आणि होतं दुपारी. आमची नाटकं रात्रीची, दुपारचं नाटक म्हणजे रात्रीचं जेवण सकाळी केल्यासारखं. पण त्या बाजूला रानहत्तींचा कळप उतरला होता. रात्री गर्दी जमवू नका, अशी वनखात्याची ताकीद होती. गाव म्हणालं, हत्ती त्यांच्या वेळेला येवोत, आपण आपलं दुपारीच उरकू. मंडप तिन्ही बाजूंनी मोकळा, लख्ख ऊन आत आलेलं. बाया तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. आजूबाजूच्या बंगाली निर्वासितांच्या गावांतली माणसंही बैलगाड्या नि मोटारसायकली घेऊन आली होती. मला सरपंचांच्या शेजारी पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली.

मामा उजेडात कधी उभाच राहिला नव्हता. रात्री दिव्यांची तिरीप डोळ्यांवर असते आणि त्यापलीकडे नुसता काळोख. त्या काळोखाकडे तोंड करून बोलायचं, एवढंच त्याला ठाऊक. आता समोर हजार तोंडं दिसत होती, पण तो त्यांच्याकडे पाहतच नव्हता. डोळे कुठेतरी वर, सगळा जीव कानात. मला ते हरवलेपण चांगलं ओळखीचं होतं. आमचे पायलट कॉकपिटमधल्या पडद्यांत हरवून बसतात, ते तेच.

पहिला अंक झकास झाला. दुसऱ्या अंकात लेकीची पाठवणी होती. लेकीचं काम करायला नागपूरची एक मुलगी आली होती. ती मामाच्या पायाशी बसली. मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुरुवात केली, "कन्ये, आज या अभागी पित्याच्या अंगणातला चंद्र परक्या आकाशी..."

आणि थांबला. प्रॉम्प्टरचा फोन कटला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की मामाचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि मग एकदम उजळला. कानात पुन्हा आवाज आला होता. दुसऱ्या कुणाचा तरी फोन आला होता आणि मी करून ठेवलेल्या सोयीप्रमाणे तो आपोआप उचलला गेला होता.

"शेतकरी बंधूंनो," मामा दाटलेल्या गळ्याने म्हणाला.

मुलीने मान वर केली. मामाने तिला उराशी धरलं आणि आवंढा गिळत सांगितलं, की हरभऱ्यावर घाटे अळी दिसताच फुलोऱ्याच्या अवस्थेत निंबोळी अर्काची फवारणी करावी. मग आभाळाकडे हात करून म्हणाला, की ढगाळ हवामानात विशेष काळजी घ्यावी. त्याच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी वाहत होतं. कुठल्याशा बियाणं-औषधवाल्यांची ती टेप होती. ते लोक दिवसभर सगळ्या तालुक्याला फोन लावत असतात. एरवी मामा तो फोन शिवी देऊन बंद करी.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं मंडप कोसळेल, पण एवढा रडून सांगतोय म्हणजे काहीतरी असेलच, असं लोकांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मागून एकाने उठून अदबीने विचारलं, "पंपाले किती टाकाचं जी?"

या वेळी आमचं बाकीचं विमान काय करत होतं ते सांगते. हार्मोनियमवाल्याने निंबोळी अर्काखाली करुण सूर धरला होता, कारण मोठा नट काही करतोय म्हणजे त्यात अर्थ असणारच. मालक विंगेत उभा होता. हा तुकडा लेखकाने नवा घातला असेल, असं त्याला वाटलं, आणि लेखकाला वाटलं, मालकाने घातला. प्रॉम्प्टर पडद्याआड पुन्हा पुन्हा फोन लावत होता आणि त्याला ऐकू येत होतं, की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. समोर आपला माणूस स्टेजवर घसरत चाललाय हे त्याला दिसत होतं, पण पडद्यातून डोकं बाहेर काढून हाक मारावी हे त्याला सुचत नव्हतं, कारण ठरलं होतं ते फोनवर सांगायचं.

आणि मी. त्या मंडपात नेमकं काय झालंय हे कळलेली एकटी. दिसलं तर ओरडा, असं टेबलावर हात आपटून सांगणारी. मी म्हटलं, "मामा." पण शेजारी सरपंच होते, मागे गाव होतं, आणि नाटकात मध्ये बोलत नसतात. त्यामुळे ते मी अशा आवाजात म्हटलं, ज्या आवाजात को-पायलट वाऱ्याबद्दल बोलतो. सरपंच म्हणाले, हो, तुमचे मामा चांगलंच करतात काम.

टेप पुढे सरकून औषधाच्या डब्याच्या आकारांवर आली होती. मामा तेही हुंदका देत सांगणार, तेवढ्यात त्या मुलीने त्याचे दोन्ही हात धरले. स्टेजवरची सगळी शुद्ध भाषा सोडून ती म्हणाली, "बाबा, थे कानातलं काढा. माह्याकडे पाहा."

ऐकू आलं असेल की नसेल. पण दुपार होती. तिचा चेहरा हातभर अंतरावर होता, ओठ हलताना दिसत होते. मामाने तिच्याकडे पाहिलं. माझी खात्री आहे, की इतक्या वर्षांत स्टेजवर त्याने पहिल्यांदा कुणाकडे पाहिलं. त्याने कानातलं बटण काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने मूठ मिटली. त्या मुठीत बहुधा अजून फवारणी चालूच असेल.

मामाने सवयीने विंगेकडे तोंड वळवलं. तिथे प्रॉम्प्टरचे ओठ जिवाच्या आकांताने हलत होते, पण या कानांना काहीच मिळत नव्हतं. मालक आता पुढे सरकून पाहायला लागला होता. मला कळलं, की बाप गेला. पुढच्या वर्षी दाढी चिकटवलेला पोरगा, आणि मामा बाजेवर.

मामा पुन्हा मुलीकडे वळला. बराच वेळ तिला पाहत राहिला.

"मले काईच आठवत नाई, बाई," तो म्हणाला. "तू चालली, एवढंच दिसून राह्यलं."

शेंगा सोलणारे हात थांबले. माझ्या मागे एक म्हातारी मोठ्याने रडली. मी पण रडले, सरपंचांनी दिलेल्या उपरण्यात तोंड खुपसून रडले. कारण आठवत नाही हे सगळं खरं होतं, आणि दिसतंय हेही खरं होतं.

नाटक संपल्यावर मालक मामाच्या गळ्यात पडला. असा प्रसंग झाडीपट्टीत झाला नाही, असं त्याचं मत पडलं. त्याने जागच्या जागी लेखकाला हुकूम दिला, की हे वाक्य वहीत घाला. लेखकाने घातलं. तेव्हापासून दर प्रयोगात त्या ठिकाणी प्रॉम्प्टर पडद्याआडून ओरडून मामाला सांगू लागला, की तुला काहीच आठवत नाही. पुढच्या एका गावाने नाटक ठरवतानाच खात्री करून घेतली, की फवारणीवालंच आहे ना. पुढच्या वर्षीचं मात्र मालकाने अजून नक्की केलं नव्हतं. एकदा जमलं म्हणजे दरवेळी जमेल असं नाही, शेवटच्या प्रयोगाला पाहू, असं तो म्हणाला.

बटण मामाने मला परत केलं. दुपारी पाहण्याची चटक लागली तेव्हापासून तो सोबतच्या नटांना सांगू लागला, की माझ्याकडे तोंड करून बोला. सकाळी प्रॉम्प्टरकडून प्रवेश समजून घ्यायचा आणि प्रयोगात तोंडं पाहून चालवायचं. म्हातारपणी त्याला नाटकातला खुनी कोण हे कळू लागलं.

मालकाला मी हसले, पण हसायचा हक्क मला नव्हता. मी हा किस्सा वर्गात सांगितला. तो वरपर्यंत गेला, साहेबलोकांना आवडला, आणि उतरण्याआधी वाचून दाखवायच्या यादीत एक नवी ओळ आली: बाहेर पाहा. को-पायलटने ती वाचायची आणि कॅप्टनने उत्तर द्यायचं: पाहिलं. फार समाधान वाटलं. मग एकदा मी खोट्या कॉकपिटच्या खिडकीतून धावपट्टीच पुसून टाकली आणि तिथे एक डोंगर उभा केला. को-पायलटने वाचलं, बाहेर पाहा. कॅप्टन खाली मान घालून म्हणाले, पाहिलं. आणि अगदी ठरल्या वेगाने, ठरल्या कोनात, डोंगरात शिरले.

हंगामाचा शेवटचा प्रयोगही त्याच भागात, दुपारचाच होता. हत्ती अजून गेले नव्हते. नागपूरची मुलगी दुसऱ्या कंपनीत गेली होती, तिच्या जागी नवी आली होती. मी पुन्हा पहिल्या रांगेत, त्या गावच्या सरपंचांच्या शेजारी. पाठवणी आली. मामाने नव्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, चंद्र परक्या आकाशी गेला, आणि पडद्याआडून प्रॉम्प्टरने खणखणीत सांगितलं, "मले काईच आठवत नाई, बाई." ते सगळ्या मंडपाने ऐकलं. काहींनी तर त्याच्यासोबत म्हटलं.

मामाने म्हटलं नाही. तो मुलीकडे पाहत उभा होता, तिने वर पाहण्याची वाट बघत. ती मात्र रीतसर तयार झालेली नटी होती. तोंड प्रेक्षकांकडे, कान विंगेकडे, बापाचं वाक्य संपून आपलं कधी येतं याकडे सगळं लक्ष. प्रॉम्प्टर पुन्हा ओरडला. कुणीतरी फिस्सकन हसलं. मालक विंगेत हाताची घडी घालून उभा राहिला, आणि त्याच्या मागे तो दाढीवाला पोरगा मला स्पष्ट दिसला.

मी खुर्चीवरून उठले आणि घरी बोलते त्या आवाजात ओरडले, "अवं बाई, इकडे काऊन पाह्यतं? बापाकडे पाह्य ना!"

सरपंचांनी मला बसा, बसा अशी खूण केली. सगळा मंडप माझ्याकडे वळला. मुलगी दचकली, आधी तिने मला पाहिलं आणि मग मामाला.

"पाह्यलं का तू?" तो तिला म्हणाला. "मी तुह्यीच वाट पाहून राह्यलो होतो."

यानंतर कुणी हसलं नाही. पुढच्या हंगामाचा बाप मालकाने मामालाच ठेवला. वर लेखकाला विचारून घेतलं, की पहिल्या रांगेत रोज एक बाई बसवून ओरडायला लावता येईल का.

मी निघाले तेव्हा मामा रंगलेल्या तोंडानेच गाडीपाशी आला आणि रीतीप्रमाणे माझ्या पाया पडला. "नाटकात असं मधात बोलत नाईत, बाई," त्याने मला सुनावलं. मी मान खाली घातली. तो सरळ उभा राहिला, आणि माझे ओठ नीट दिसावेत म्हणून जवळ सरकून माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "पण बोलली थे बरं केलं. नाईतं आज मी गेलो होतो."